बीकेसी आणि ऐरोली: दोन दिशांना दोन ऑफिसं, घर कुठल्या उपनगरात घ्यावं?

वैनगंगा

नमस्कार मंडळी. येत्या जूनपासून आम्ही नागपूरहून मुंबईला येतोय. माझं ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), जी ब्लॉकमध्ये, वेळ साडेनऊ ते सहा. नवऱ्याचं ऐरोलीत, स्टेशनजवळच्या आयटी पार्कमध्ये, दहा ते सात. मुलगी तिसरीत जाईल. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत दोघांनाही सव्वा तासाच्या वर लागू नये, एवढी एकच अट आहे. गाडी आहे, पण रोज चालवायची नाही.

एजंटांनी पाच नावं दिली आहेत: डोंबिवलीजवळ पलावा, ठाण्याला घोडबंदर रोड, मुलुंड, वाशी आणि घाटकोपर. भाड्याचं गणित आम्ही बसवू. गर्दीच्या वेळी यातल्या कुठल्या ठिकाणाहून काय होतं, ते जाणकारांनी सांगावं.

रूळांतर

वैनगंगा, आधी मोजायची पद्धत ठरवून घ्या, म्हणजे यादीत उद्या सहावं नाव आलं तरी स्वतः पारखता येईल.

मुंबईत किलोमीटरवरून काहीच कळत नाही. ठाणे सीएसएमटीपासून ३४ किलोमीटर आणि बोरिवली चर्चगेटपासून जवळपास तेवढंच, पण दोन्हीकडची सकाळ वेगळी असते. वेळापत्रकातल्या मिनिटांनीही अर्धंच कळतं. विचारायचं ते हे: सकाळी आठ ते साडेनऊमध्ये त्या फलाटावर उभं राहिल्यावर आलेल्या पहिल्या गाडीत शिरता येतं का? येत नसेल तर किती गाड्या सोडाव्या लागतात?

प्रवासाचे तुकडे करा आणि प्रत्येकापुढे मिनिटं लिहा. तुमच्यासाठी मुलुंड पूर्व ते बीकेसी असं मांडता येईल:

घर ते स्टेशन चालत १२, पूल आणि फलाट ४, गाडीची वाट ६, मुलुंड ते कुर्ला स्लो (सगळ्या स्टेशनांवर थांबणाऱ्या) गाडीने २२, कुर्ल्याच्या फलाटावरून पश्चिमेच्या रिक्षा स्टँडपर्यंत ७, रांग ८, तिथून बीकेसी १५. बेरीज ७४.

यात रेल्वेचा वाटा फक्त २२ मिनिटांचा आहे. उरलेली ५२ मिनिटं रुळांच्या बाहेर जातात. घर शोधताना सगळं लक्ष गाडीवर असतं, पण वेळ खरी वाचते ती या ५२ मिनिटांत. स्टेशनपासून चालत ७ मिनिटांवरचं घर घेतलं तर ५ मिनिटं वाचली. तेच घर रिक्षाच्या अंतरावर असेल तर सकाळी स्टँडवरची रांग आणि स्टेशनबाहेरची कोंडी मिळून १२ ची २५ सहज होतात, पावसात त्याहून जास्त.

आणखी तीन गोष्टी बघा.

एक, गाडी कुठून सुटते. मध्य मार्गावर ठाणे, डोंबिवली, कल्याण इथून सुटणाऱ्या गाड्या आहेत. हार्बरवर (कुर्ल्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या मार्गावर) पनवेल, बेलापूर, वाशी. पश्चिमेवर विरार, भाईंदर, बोरिवली, अंधेरी. गाडी सुटण्याच्या ठिकाणी बसायला नाही तरी निदान नीट उभं राहायला जागा मिळते. सुटणाऱ्या स्टेशनापासून जसजसं पुढे जाल तसतसं दारात शिरणं अवघड होतं.

दोन, सांधे किती. गाडी बदलली की चालणं वाढतं आणि बेभरवशाचा वेळही वाढतो. एका दिशेला दोनपेक्षा जास्त बदल असतील तर ती जागा सोडून द्या, कागदावर बेरीज कितीही छान दिसू दे.

तीन, सरासरी बघू नका, वाईट दिवस बघा. एरवी ६० मिनिटं पण आठवड्यातून एकदा १०० लागणारी जागा, रोज ७० लागणाऱ्या जागेपेक्षा वाईट. साडेनऊच्या ऑफिसला निघायची वेळ त्या वाईट दिवसावरच ठरते, म्हणजे रोज लवकरच निघावं लागतं.

सांधाबदल

रूळांतरांना अनुमोदन. यादीतली दोन नावं आधीच खोडता येतील.

पलावा: डोंबिवली स्टेशनपर्यंत जाणं कल्याण-शीळ रस्त्यावर अवलंबून, आणि सकाळी त्या रस्त्याचा काही भरवसा नाही. जवळचं निळजे स्टेशन दिवा-पनवेल मार्गावर आहे, तिथे लोकलसारख्या दर काही मिनिटांनी गाड्या नाहीत. म्हणजे आधी रस्ता, मग डोंबिवलीची गर्दी, मग तुम्हाला कुर्ला आणि पुढे बीकेसी. सव्वा तासात बसणं शक्य नाही.

खुद्द डोंबिवली स्टेशनपासून चालत अंतरावर राहिलात तरी दिवा-मुंब्रा-कळवा हा तुकडा सगळ्या मार्गावर सर्वांत दाटीचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या निघाल्या, पण लोकलच्या डब्यातली माणसं कमी झाली नाहीत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडून जीव गेले. ज्या स्टेशनावर दारात उभं राहिल्याशिवाय गाडीच मिळत नाही, तिथे नव्याने घर घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. जुनं घर, आईवडील, शाळा यामुळे तिथे राहणारे नाइलाजाने राहतात. तुम्हाला निवड आहे.

घोडबंदर रोड: घरं मोठी, सोसायट्या चांगल्या, पण कासारवडवली, आनंदनगर, वाघबीळकडून ठाणे स्टेशनला यायला सकाळी अर्धा तास ते तासभर, काहीही लागू शकतं. त्या रस्त्यावर जेएनपीटीकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर असतात. गायमुख घाटात एक बंद पडला की मागची रांग पार शहरापर्यंत येते. जाहिरातीत "स्टेशन १५ मिनिटं" लिहिलेलं असतं ते रविवारी सकाळचं. तिथल्या मेट्रोच्या भरवशावरही घर घेऊ नका. जी गाडी आज प्रवासी घेऊन धावतेय तीच हिशोबात धरायची.

खाडीपलीकडे

मी वाशीची बाजू मांडतो, कारण या जोडीसाठी ती खरंच विचार करण्यासारखी आहे.

वाशी ते कुर्ला हार्बरने साधारण पंचवीस मिनिटं. वाशीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, त्या पकडल्या तर सकाळीसुद्धा बसायला मिळण्याची शक्यता चांगली. नवऱ्याला ऐरोलीसाठी ट्रान्स-हार्बर (ठाणे-वाशी मार्ग): वाशी, सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली. साधारण वीस मिनिटं. एकही बदल नाही. ठाण्याकडून ऐरोली-घणसोलीला येणारी सकाळची गर्दी फार मोठी असते, वाशीकडून जाणाऱ्याला त्या लोंढ्याचा त्रास नाही.

स्टेशनं सिडकोने बांधलेली, प्रशस्त. स्टेशनाबाहेर रिक्षा आणि एनएमएमटीच्या (नवी मुंबई पालिकेच्या) बस मिळतात. सेक्टर ९, १५, १६, १७ या भागातून स्टेशनला जाणं फार अवघड नाही, पण चालत जायचं असेल तर प्रत्यक्ष चालून बघा. नकाशावर सेक्टर शेजारी दिसतात आणि मध्ये हायवे ओलांडायचा असतो.

सांधाबदल

वाशी चांगली, पण हार्बरच्या दोन मर्यादा ताईंना माहीत असू द्या.

हार्बरवर फास्ट गाडी नाही. मध्य मार्गावर स्लोचे रूळ अडले तर गाड्या फास्टवर वळवता येतात. हार्बरला दोनच रूळ, त्यामुळे एक गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या उभ्या. आणि मानखुर्द ते वाशी खाडीपूल आहे. तिथे गाडी अडकली तर उतरून दुसरं काही करता येत नाही.

दुसरं, कुर्ल्याला हार्बरचे फलाट पूर्वेच्या अंगाला आहेत आणि बीकेसीला जायचं ते पश्चिमेहून. सगळे फलाट पुलावरून ओलांडून यावं लागतं. सकाळी त्या पुलावर तीन-चार मिनिटं जास्त धरा, संध्याकाळी उलट दिशेने आणखी जास्त.

पूर्वेकडचा

मुलुंड पूर्व. माझं मत पक्कं आहे, कारणं देतो.

ऐरोलीसाठी मुलुंडहून दोन स्वतंत्र वाटा आहेत आणि दुसऱ्या ठिकाणांवर मुलुंडची सरशी इथेच होते. पहिली वाट: मुलुंड ते ठाणे एक स्टेशन, चार-पाच मिनिटं, गर्दीच्या उलट दिशेला. ठाण्याला पुलावरून ९ किंवा १० नंबर फलाटावर जायचं, तिथून ट्रान्स-हार्बर सुटते. दिघा गाव (हे स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं) आणि मग ऐरोली, दहा मिनिटांच्या आत. उभ्याने जावं लागलं तरी दहाच मिनिटं. दुसरी वाट: पूर्व द्रुतगती मार्गावरून ऐरोली पूल. बस आहेत, रिक्षा आहे, आणि अडीअडचणीला स्वतःची गाडी. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, त्यात ऐरोली आणि मुलुंडचे नाके आले. रेल्वे बंद पडली तर रस्ता, रस्ता तुंबला तर रेल्वे.

बीकेसीसाठी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. फास्ट गाडीला मुलुंडचा थांबा दिवसभर असतोच असं नाही, ऐन गर्दीच्या वेळी बहुतेक फास्ट थांबत नाहीत. हिशोब स्लोचाच करा. ठाण्याहून सुटणारी स्लो निवडा. मुलुंडला ती येते तेव्हा बसायच्या जागा भरलेल्या असतात, पण आत शिरता येतं. कल्याण किंवा बदलापूरहून येणारी स्लो त्याच फलाटावर येते आणि दारापर्यंत भरलेली असते. फलाटावरच्या इंडिकेटरवर कुठे जाणार ते असतं, कुठून आली ते नसतं. त्यामुळे वेळापत्रकातून ठाणे लोकलच्या वेळा लिहून ठेवा. आठ ते नऊमधल्या चार-पाच वेळा पाठ झाल्या की निम्मं काम झालं.

घर बघताना पूर्वेला स्टेशन आणि हायवे यांच्या मधल्या पट्ट्यात बघा. गव्हाणपाडा, म्हाडा कॉलनीच्या बाजूला गेलात तर स्टेशनला बस किंवा रिक्षा लागेल, पण ऐरोलीची वाट जवळ पडेल. नवरा रस्त्याने जाणार की गाडीने, ते आधी ठरवा आणि मग गल्ली निवडा.

मोगरा

ताई, बायकांच्या डब्याचं गणित वेगळं असतं, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

लेडीज डबे गाडीत ठरलेल्या जागी असतात आणि फलाटावर ती जागा रंगवलेली असते. घरातून येणारा पूल त्या जागेच्या जवळ उतरतो का, ते बघा. पूल मागच्या टोकाला आणि डबा पुढच्या टोकाला असेल तर बारा डब्यांची लांबी गर्दीतून चालायची, म्हणजे तीन मिनिटं गेली. तसंच उतरायच्या स्टेशनचं. कुर्ल्याला पश्चिमेच्या पुलासमोर येणारा डबा कोणता ते दोन दिवसांत कळतं, मग चढतानाच तो धरायचा. उतरल्यावर पुलाच्या पायथ्याशी जी कोंडी होते तिच्या आधी वर पोचलात तर स्टँडची रांगही छोटी मिळते.

बसायची जागा हवी असेल तर आत शिरल्या शिरल्या बसलेल्या बायकांना "कुठे उतरणार?" विचारायचं. विक्रोळी, घाटकोपर म्हणाली की ती जागा तुमची, मग दुसरं कुणी त्यावर हक्क सांगत नाही. पण मुलुंड-कुर्ला एवढ्या छोट्या अंतरासाठी आत खोल जाऊ नका. कुर्ल्याच्या दोन स्टेशनं आधी, घाटकोपर गेलं की दाराकडे सरकायला लागा. कुर्ल्याला फलाट कुठल्या बाजूला येतो ते आधी विचारून ठेवा. चुकीच्या दाराशी राहिलात तर चढणाऱ्यांच्या लोंढ्यातून उतरता येत नाही आणि थेट सायन गाठावं लागतं.

फर्स्ट क्लासचा पास दुसऱ्या वर्गाच्या कितीतरी पट महाग आहे. छोट्या अंतराला तो घेऊ नका असं सांगेन. गर्दीच्या वेळी तिथेही उभ्यानेच जावं लागतं, फक्त धक्काबुक्की कमी. एसी लोकलची दारं बंद होतात, सुरक्षित वाटतं, पण गाड्या मोजक्या. तिची वेळ तुमच्या वेळेशी जुळली तरच तिचा पास काढा.

रूळांतर

घाटकोपर राहिलं. तेही गांभीर्याने बघा, विशेषतः ताईंच्या बाजूने.

घाटकोपर ते कुर्ला दोन स्टेशनं, सहा-सात मिनिटं. अडचण अशी की सकाळी घाटकोपरला येणारी गाडी भरून आलेली असते. पण तिथे उतरणारेही खूप, कारण मेट्रो १ (वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, ८ जून २०१४ पासून) तिथून सुटते. उतरणारे उतरले की क्षणभर जागा होते, तेवढ्यात शिरायचं.

आणि मेट्रो ३ सुरू झाल्यापासून घाटकोपरहून बीकेसीला रेल्वेला न शिवता जाता येतं. घाटकोपर ते मरोळ नाका मेट्रो १, तिथे बदलून मेट्रो ३ ने बीकेसी. आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, पुढे कफ परेडपर्यंतची पूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये. नकाशावर हा वळसा वाटतो, पण सकाळी घाटकोपर मेट्रो गाडी सुटायचं ठिकाण आहे, आणि बीकेसीला उतरल्यावर रिक्षाची रांग नाही. मरोळ नाक्याला उंचावरच्या स्टेशनातून जमिनीखालच्या स्टेशनात उतरायचं, त्या बदलाला सहा-आठ मिनिटं द्या. जी ब्लॉकमधल्या तुमच्या इमारतीपर्यंत मेट्रो स्टेशनापासून किती चालावं लागतं ते मात्र प्रत्यक्ष मोजा. बीकेसीतले ब्लॉक मोठे आहेत, दहा-बारा मिनिटं सहज जातात.

संध्याकाळी उलट येताना घाटकोपर मेट्रो स्टेशनवर जिने आणि पूल यांवर फार दाटी असते. मेट्रोतून उतरून रेल्वेकडे जाणारा आणि बाहेर पडणारा लोंढा एकाच ठिकाणी आपटतो. तुम्हाला तिथेच बाहेर पडायचं असेल तर पूर्वेचा की पश्चिमेचा जिना घराकडे जातो ते बघून घर घ्या.

ऐरोलीसाठी घाटकोपर ते ठाणे फास्टने वीस मिनिटांच्या आसपास, गर्दीच्या उलट दिशेला, मग ट्रान्स-हार्बर. एक बदल. ठाण्याला फास्टच्या ५-६ नंबरवरून ९-१० कडे जायला पाच मिनिटं.

वैनगंगा

इतकं बारकाईने कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. पलावा आणि घोडबंदर खोडले. उरले मुलुंड पूर्व, वाशी, घाटकोपर. दोन प्रश्न. पावसात यातलं कुठलं टिकतं? आणि मुलगी आजारी पडली, शाळेतून फोन आला, तर लवकर कोण पोचेल?

पूर्वेकडचा

पावसाचं सांगतो. मध्य मार्गावर पाणी भरतं ते बहुधा सायन, कुर्ला, माटुंगा भागात. जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच वेळी आली की तिथे गाड्या थांबतात, कारण भरतीच्या वेळी नाल्यांतून समुद्राकडे पाणी जात नाही. महापालिका भरतीच्या वेळा आणि उंची आधीच जाहीर करते. जून ते सप्टेंबर मोठ्या भरतीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, त्या दिवशी घरून काम मागता आलं तर आधीच मागा. कुर्ला-चुनाभट्टी पट्ट्यात हार्बरलाही पाणी लागतं.

म्हणजे तिन्ही ठिकाणांहून ताईंची वाट कुर्ल्याला अडते. फरक असा की घाटकोपरहून कुर्ला टाळून मेट्रोने जाता येतं. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत लोकल सुरू असेल तर तीच मेट्रो धरता येते, पाच स्टेशनं आधी रेल्वेने यायचं एवढंच. वाशीहून तसा सोपा दुसरा मार्ग नाही. सायन-पनवेल महामार्ग आहे, पण त्या दिवशी सगळेच त्यावर असतात.

ऐरोली मार्गाला पावसाचा त्रास त्या मानाने कमी. पण ट्रान्स-हार्बर बंद झाली की ऐरोलीहून मुंबईकडे यायचा सरळ मार्ग पूल, आणि पुलापलीकडे मुलुंडच आहे.

मोगरा

मुलीसाठी: ज्याचं ऑफिस गर्दीच्या मार्गावर नाही, त्याच्याकडे शाळेचं काम द्या. दुपारी साडेबाराला ऐरोलीहून मुलुंड रिक्षाने अर्ध्या तासात. बीकेसीहून मुलुंड दुपारीसुद्धा तासाच्या आत धरू नका. घाटकोपर असेल तर बीकेसीहून पाऊण तास, ऐरोलीहून रेल्वेने तेवढाच. वाशी असेल तर ऐरोलीहून अर्धा तास.

शाळा घराजवळच बघा, पुलाच्या अलीकडे. रेल्वे ओलांडून पलीकडच्या बाजूला शाळा असली की स्कूल बसला फाटकाचा किंवा उड्डाणपुलाचा वळसा पडतो, सकाळी वीस मिनिटं फुकट जातात. मुलुंड, घाटकोपर दोन्हीकडे पूर्व-पश्चिम हा फरक फार मोठा आहे. पत्ता ऐकताना आधी "पूर्व की पश्चिम" विचारा.

सांधाबदल

घर बघायला याल तेव्हा असं करा.

शनिवार-रविवार येऊ नका. सोमवार ते गुरुवारमधले दोन दिवस काढा. रविवारी मध्य आणि हार्बरवर बहुधा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद) असतो, त्या दिवशीचा अंदाज दोन्ही बाजूंनी खोटा.

पहिल्या दिवशी सकाळी ८:१० ला मुलुंड पूर्वेच्या ज्या सोसायटीत घर बघताय तिच्या फाटकातून घड्याळ लावून निघा. ऑफिसच्या इमारतीत लिफ्टसमोर पोचेपर्यंत घड्याळ थांबवू नका. लिफ्टची रांगही धरा, बीकेसीत सव्वानऊ ते साडेनऊ ती मोठी असते. त्याच वेळी नवऱ्याने ऐरोलीची वाट करून बघावी. संध्याकाळी दोघांनी उलट या, तुम्ही सहाला, ते सातला. बीकेसीहून कुर्ल्याला सहा ते साडेसात रिक्षा मिळणं हे सकाळपेक्षा कठीण, त्यामुळे संध्याकाळची फेरी चुकवू नका. जमल्यास बीकेसी मेट्रो ते घाटकोपर त्याच संध्याकाळी करून बघा. दुसऱ्या दिवशी घाटकोपर किंवा वाशी.

फलाटावर शिरता न आलेल्या गाड्या मोजा. एक सुटली तर ठीक. सलग दोन सुटल्या तर ते ठिकाण तुमच्या वेळेला चालणार नाही, अर्धा तास लवकर निघून पुन्हा बघा. कित्येकदा ७:५० आणि ८:२० यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि ऑफिसने वेळ तेवढी पुढेमागे करू दिली तर उपनगर बदलायची गरजच पडत नाही.

नकाशाच्या अ‍ॅपवर बघणार असाल तर "आत्ता निघालो तर" बघू नका. मंगळवार निवडा आणि "९:२० ला पोचायचंय" असं टाका. तरी ते फक्त रस्त्याचं खरं मानायचं, रेल्वेत शिरता येईल का हे ते सांगत नाही.

खाडीपलीकडे

करारनाम्याचंही बघा. लीव्ह अँड लायसन्स करार साधारण ११ महिन्यांचा असतो आणि त्याची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे. त्यात लॉक-इन (घर सोडता येत नाही ती मुदत) किती महिने ते नीट वाचा. एजंट सहा महिने किंवा पूर्ण ११ महिने टाकतात. तुम्ही नव्याने येताय, पहिला पावसाळा अजून बघायचाय, तर तीन महिन्यांचा लॉक-इन मागा आणि सोडताना एक महिन्याची नोटीस. भाडं थोडं जास्त पडलं तरी हे मान्य करून घ्या. प्रवास जमला नाही तर ऑक्टोबरमध्ये दुसरीकडे जाता येईल. शाळेचा प्रवेश मात्र मधेच हलवता येत नाही, म्हणून शाळा अशी निवडा की शेजारच्या स्टेशनला गेलात तरी तिची बस येत असेल.

वैनगंगा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवार-बुधवार येतोय. मंगळवारी मुलुंड पूर्व, बुधवारी घाटकोपर पूर्व. वाशी राखीव ठेवलीय. पासचं एक विचारायचं राहिलं. मुलुंडला गर्दी फारच असेल तर ठाण्याला उलट जाऊन सुटणाऱ्या गाडीत बसायचं, असं कुणीतरी सुचवलं. ते चालतं का?

पूर्वेकडचा

चालतं, त्याला इथे रिटर्न मारणं म्हणतात. मात्र पास ठाणे-कुर्ला असा काढा. मुलुंड-कुर्ला पासवर ठाण्याला गेलात तर ते विनातिकीट धरलं जातं, दंड किमान २५० रुपये आणि भाडं वेगळं. मुलुंड ते ठाणे फक्त एक स्टेशन, त्यामुळे पासात फारसा फरक पडणार नाही. सकाळी ठाण्याच्या दिशेची गाडी पकडायला, ठाण्याला फलाट बदलायला आणि परत यायला मिळून पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात. बावीस मिनिटांच्या प्रवासासाठी रोज ते परवडत नाही. पाठदुखी असेल, बरं नसेल, त्या दिवसापुरतं ठेवा.

नवऱ्याचा पास मुलुंड ते ऐरोली, ठाणेमार्गे. सुरुवातीला दोघांचे मासिकच काढा. तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट पडतो, म्हणजे स्वस्त, पण मार्ग पक्का झाल्यावरच. मंगळवारी सकाळी बघताना ठाण्याहून सुटणाऱ्या दोन गाड्या आणि कल्याणकडून येणारी एक, अशा तिन्ही मुलुंडच्या फलाटावर येताना बघा, चढायची घाई करू नका. मग चौथीत चढा.